उजेडबुवांचा एकोणीस

सकाळी नऊलाच सभागृहाबाहेर रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात वाटीभर गहू. आत उजेडबुवा गव्हावर लाल उजेड पाडत आणि समोरच्या पेटीवर आकडा उमटे: तीन. मग बुवा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत आणि पुन्हा उजेड पाडत. एकोणीस!

"धान्यातले तंतू जागे झाले! याचं पीठ खा, औषधं फेका!"

लोक गहिवरत. मी जांभई दिली. इतके चमत्कार पाहून झालेत, की नवा पाहायचा म्हटलं तर चष्मा पुसायचाही कंटाळा येतो.

पण माझ्या ताईने मधुमेहाच्या गोळ्या खरोखरच बंद केल्या होत्या. अकरा दिवस झाले होते आणि पायाची जखम चिघळत चालली होती.

"ताई, निदान डॉक्टरांना तरी..."

"तू गप्प रे! माझ्या लेकीच्या गिरणीत अशीच पेटी आहे ना? उजेड पाडला की मिनिटात तंतूंचा, त्या फायबरचा, आकडा. ते विज्ञान, आणि बुवांचं तेवढं थोतांड?"

मुद्दा बिनतोड होता. मी भाचीला फोन केला. पिठाच्या मोठ्या गिरणीच्या प्रयोगशाळेत धान्य तपासणं हेच तिचं काम.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून आली आणि ताईला न् मला घेऊन रांगेत उभी राहिली. हातात घट्ट झाकणाची काळी डबी. बुवांनी झाकणावरच उजेड पाडला. तीन. पुटपुट. एकोणीस!

"बुवा, झाकण काढायचं राहिलं."

"आमचा उजेड झाकण जुमानत नाही!"

भाचीने डबी टेबलावर उपडी केली. निळ्या, चार भोकांच्या गुंड्या घरंगळल्या.

"शर्टाच्या आहेत," रांगेतल्या शिंप्याने तज्ज्ञाचं मत दिलं.

"गुंड्यांतही तंतू असतील की!" एक निष्ठावंत म्हणाला.

भाचीने टेबलावरचं कापड वर केलं. बुवांच्या गुडघ्याशी एक खटका होता, त्याची वायर थेट पेटीत. तिने दाबला, एकोणीस. सोडला, तीन. बुवांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

"आणि तुझी पेटी गं?" ताईने हट्टाने विचारलं.

"आई, आम्ही आधी शेकडो नमुने रसायनांत दिवसचे दिवस पचवून त्यांतले तंतू मोजतो. मग तेच नमुने पेटीला दाखवतो. कुठला दाणा डोळ्यांना न दिसणारा उजेड किती शोषतो, किती परत टाकतो, हे ती शिकते. नवा दाणा आला की त्यावरून अंदाज करते. नुसतं मोजते गं. वजनकाट्यावर उभं राहून कुणी बारीक झालंय?"

"म्हणजे तंतू खोटेच?"

"खरे आहेत. पोटाला चांगले, खा की. पण गोळीच्या जागी नाही."

ताईने गुंड्या एकेक वेचून डबीत टाकल्या. मग म्हणाली, "दवाखाना किती वाजता उघडतो?"

डॉक्टरांनी जखम पाहून आधी तिला झापलं, मग म्हणाले, "आणखी आठवडा गेला असता, तर पायाचं काही सांगता आलं नसतं." ताई गप्प बसली. साठ वर्षांत मी हे प्रथमच पाहिलं.

परतताना दिसलं, सभागृहाबाहेर पाच-सहा जण वाट्या घेऊन अजून उभेच होते. बुवा परत येतील म्हणे. मी थकलोय, म्हणून थोडक्यात सांगतो: कुणी आकडा दाखवला तर तो कशावरून काढला, हे विचारा. आणि जो औषध सोडायला सांगेल, त्याच्या रांगेतून बाहेर पडा. आजच.