माझे दोन कालवे

हसू नका मित्रांनो. जालना जिल्ह्यात समुद्र नाही हे मलाही ठाऊक आहे. तरीही मी समुद्रातली नौका आहे, वयाने तुमच्या आजीएवढी, आणि माझा मुक्काम आता सावरगव्हाणच्या धरणाकाठी आहे. इथवर मी कशी आले, ते सांगते.

माझा जन्म दूरच्या एका थंड बंदरात झाला. पोलादी पत्रे वाकवून, जोडून मला घडवले. अंगावर पांढरा रंग होता, डोक्यावर उंच शीड होते. एका हौशी नवराबायकोने मला विकत घेतले आणि जग बघायला निघाले. मी लाटांना कधी घाबरले नाही. पत्रा जाड, बांधणी पक्की; घाबरायचे कशाला?

सुएझ कालव्यातून गेले तो प्रवास मला आजही आठवतो. तिथे आपल्या मनाने शिरता येत नाही. आधी माणसे टेप घेऊन आली. त्यांनी माझी लांबी तर मोजलीच, पण पोटात जागा किती हेही मोजले, कारण कालव्याचे शुल्क त्यावरून ठरते. कागदपत्रे करायला एक दलाल नेमावा लागला. वाट दाखवायला कालव्याचा माणूस माझ्यावर चढला. शीड उभारायचे नाही, इंजिनावरच चालायचे आणि रेंगाळायचे नाही, अशी ताकीद मिळाली. अर्ध्या वाटेवर रात्रीचा मुक्काम झाला आणि दुसऱ्या दिवशी नवा वाटाड्या आला. दोन्ही बाजूंना वाळू आणि मागेपुढे डोंगराएवढी जहाजे! त्या रांगेत मी चिमणीएवढी दिसत असेन, पण मान ताठ ठेवून गेले.

पुढे भारताच्या किनाऱ्यावर मालक आजारी पडले आणि विमानाने मायदेशी गेले. मी बंदरात बांधलेली राहिले. कोणी येईना, कोणी पुसेना. शीड फाटले, इंजिन गंजले. शेवटी मला भंगारात काढले आणि एका लांबलचक ट्रेलरवर घालून जालन्याच्या एमआयडीसीत आणून टाकले. तिथे जुने लोखंड वितळवून त्याच्या सळया करतात. माझी डोलकाठी गेली. खालचा जड कणाही कापून नेला. उरले ते नुसते धड.

माझ्या धडावर गॅस कटर चालवायचे काम इंद्रभानकडे होते. त्याने कटर पेटवला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि पुन्हा विझवला. मग तो कारखान्याच्या मालकाकडे गेला. "मालक, हिला कापू नका. वजनाच्या भावानं मला द्या, पगारातून कापून घ्या."

मालक हसले. "इंद्रभान, जालन्यात नाव घेऊन काय करतोस?"

"आमचं रान धरणाच्या पल्याड राह्यलंय मालक. बायामाणसं थर्माकोलवर बसून पाणी ओलांडतेत. मागल्या साली माझी बायको बुडता बुडता वाचली."

ते खरे होते. त्याची बायको प्रेमला कापूस वेचायला निघाली असताना थर्माकोलचा तराफा उलटला होता. कोणीतरी केसाला धरून तिला बाहेर काढले. त्या दिवसापासून तिने पाण्यावर पाय ठेवला नव्हता. ती लांबचा फेरा घालून रानात जाई. अर्धा दिवस चालण्यातच सरे.

मालकांनी मला देऊन टाकले. इंद्रभानने माझी भोके बुजवली. कणा गेल्यामुळे मी कलंडू नये म्हणून तळात वाळूची पोती रचली. ट्रेलरवरून वाटूर गावापर्यंत मी झोकात आले. अडचण पुढे होती. सावरगव्हाणची वाट म्हणजे काळ्या मातीची अरुंद पाणंद. शेते भिजवताना सांडलेल्या पाण्याने तिचा नुसता चिखल झाला होता. ट्रेलर तिथे रुतून बसला असता. मात्र शेजारून वरच्या मोठ्या धरणाचा कालवा वाहत होता आणि सावरगव्हाणजवळ तो थेट गावच्या धरणात उतरत होता.

इंद्रभान आणि त्याची आई सुगंधाबाई कालवा निरीक्षक तातेराव यांच्याकडे गेले. तातेराव चक्रावले. "शेतीच्या पाण्याला दर हाये, कारखान्याला हाये. बोटीला दरच न्हाई. काय म्हणून पैसे घेऊ?"

"मंग तशीच जाऊ द्या की साहेब," सुगंधाबाई म्हणाली.

"तशी बिलकुल न्हाई, माय. अर्ज द्या. कॅनॉलच्या भिंतीला धक्का लागला तर खर्चा तुमचा, त्याची अनामत आधी भरा. आन पाणी अडवायचं न्हाई. खाली लोक गहू भिजवून राह्यले."

मला मनातून हसू आले. सुएझलाही हेच तर सांगितले होते! तातेराव स्वतः टेप घेऊन आले. त्यांनी माझी रुंदी मोजली, उंची मोजली, मग सायकलवर जाऊन वाटेतले पूलही मोजून आले. "रखमाजीच्या शेताजवळचा पूल ठेंगणा हाये. चार बोटं जागा राहील. जाईल बराबर."

ठरल्या दिवशी क्रेनने मला पाण्यात सोडले. कित्येक वर्षांनी अंगाखाली पाणी लागले. इंजिन नव्हते, पण वाहते पाणी होते. दोन्ही काठांवरून माणसे दोर धरून चालत होती. एका दोराला प्रेमला होती. ती काठ सोडत नव्हती. वावरातली माणसे कामे टाकून बघायला आली आणि मी जहाजांच्या रांगेतल्यासारखीच ऐटीत चालले.

ठेंगण्या पुलाशी घात झाला. वरच्या अंगाच्या लोकांचे भिजवणे आटोपले होते. त्यांनी दारे लावली आणि ते पाणीही कालव्यातच राहिले. पाणी चढले होते. माझ्या खोलीचे छत पुलाला जाऊन भिडले, मागची बाजू तिरपी फिरून काठाला टेकली. काडीकचरा येऊन अडकला. मी बुचासारखी बसले आणि मागे पाणी तुंबू लागले.

काठाच्या खाली रखमाजीचा हरभरा उभा होता, घाटे धरलेला. तो धावत आला. "आरं, भराव फुटला तर माझं समदं रान जाईल! कापा तिला!"

"मी वरून पाणी कमी कराया सांगतो," तातेराव म्हणाले, "पण इथं उतरायला दुपार व्हईल."

तेवढा वेळ नव्हता. भरावावरून पाण्याची एक बारीक धार खाली ओघळू लागली होती. इंद्रभानने काठाने मागोमाग आलेल्या ट्रॅक्टरवरचा गॅस कटर उतरवला. त्याचे डोळे भरले होते. "छत कापावं लागंल," तो म्हणाला.

"आवं, थांबा!" प्रेमला ओरडली. "हंडा भरला की बुडतो ना? तिला भरा. बसंल खाली."

"कशानं भरू? इथं काय हाये?"

प्रेमलाने एकदा पाण्याकडे पाहिले. तिचे ओठ पांढरे पडले होते. मग तिने पदर खोचला आणि काठाला टेकलेल्या माझ्या मागच्या भागात उडी घेतली. तिने कठडा गच्च धरला आणि शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांना हाक दिली, "या गं समद्या! खाली बसा, डोकं वर काढू नका!"

बाया आल्या. गडी आले. आरडाओरडा करणारा रखमाजीसुद्धा चढला. मी बोट बोट खाली दबत गेले. तातेरावांनी काठावरच्यांना दोर ओढायला लावून मला सरळ केले. छत पुलाला कर्रकन घासले, एक ओरखडा उठला आणि मी सुळकन पलीकडे निसटले. मागचे तुंबलेले पाणी खळाळत आले आणि आम्हा सगळ्यांना घेऊन पुढे धावले.

"आता उतर गं बाई," काठावरून सुगंधाबाई म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या आत्याबाई," प्रेमला म्हणाली. तिने कठडा अजून सोडला नव्हता. "धरणापतूर बसते."

त्या दिवसापासून मी या काठावरून त्या काठावर जाते. बाया येतात, कापसाची गाठोडी येतात, शाळेची मुलेही येतात. प्रेमला मागे उभी राहून लांब बांबूने मला हाकते. तिला पोहायचे अजून नीट येत नाही, पण ती शिकते आहे.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. मावतील तेवढीच माणसे बसवा. पोराबाळांच्या कमरेला हवेची ट्यूब बांधा. आत साचलेले पाणी रोज उपसा आणि उन्हाळ्यात धरण आटले की मला काठावर ओढून गंज खरवडा, रंग द्या. एवढे तुम्ही करा. तुम्हाला पलीकडे न्यायचे माझ्याकडे लागले.