पुंडलिकची पिशवी

लग्न होऊन सांगलीहून जबलपूरला येताना विनताला वाटलं होतं, सासरी मराठीच बोलतात, म्हणजे भाषेची काही अडचण नाही. पण पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी, बेबीताईंनी, "विनता, एक पन्नी दे बरं" म्हटलं आणि ती नुसतीच उभी राहिली. पन्नी म्हणजे प्लास्टिकची पिशवी, हे तिला कुठून ठाऊक असणार? गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या बिनपदवीच्या डॉक्टरला सगळे झोलाछाप म्हणत. पाहुणे निघाले की "चलो, झोला उठवतो आता" असं म्हणून उठत, मग हात रिकामे का असेनात.

तिला याची मोठी गंमत वाटे. नवरा हेमचंद्र खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात होता. तो ड्यूटीवरून घरी आला की तिचे प्रश्न सुरू व्हायचे.

एक शब्द मात्र तिची पाठ सोडेना. शेजाऱ्यांच्या मुलाच्या बदलीचा विषय निघाला तेव्हा बेबीताई म्हणाल्या, "त्याची बदली म्हणजे पुंडलिकची पिशवी. रोज निघते न् रोज वापस येते."

"कोण हो पुंडलिक?" विनताने विचारलं.

"आता मले काय माहीत! आमच्या लग्नाच्या आधीपासून म्हणून राहिले लोक."

विनताने मग कारखान्याच्या क्वार्टरांच्या ओळीत बायकांना विचारायला सुरुवात केली. एकीने सांगितलं, पुंडलिकला नागपूरला नोकरी लागली होती, पण त्याची जायची हिंमतच होत नव्हती. दुसरी म्हणाली, तो बायकोवर रुसून रोज घर सोडायचा आणि भूक लागली की परत यायचा. तिसरीच्या मते असा कोणी माणूसच नव्हता.

हेमचंद्र आधी हसला. मग त्यालाही राहवेना. एका संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवत तो दारातूनच ओरडला, "अगं, तो आहे! जिवंत आहे! आपल्याच कारखान्यातून रिटायर होऊन रांझीत राहते म्हणे."

रविवारी दोघं रांझीच्या बसमध्ये बसले.

पुंडलिकराव ओट्यावर बसून पंखा दुरुस्त करत होते. उंच, वाळकी अंगकाठी, हाताला वंगण. खमरियाचं नाव निघताच त्यांनी आत हाक मारली, "अनसूया, चहा ठेव. आपल्या कारखान्यातले लोक आले."

चहा आला. विषय कसा काढावा हे विनताला कळेना, म्हणून तिने सरळच विचारलं, "काका, तुमची काही पिशवी होती का? आमच्याकडे अजून म्हणतात, पुंडलिकची पिशवी."

"म्हणजे?"

तिने अर्थ सांगितला. सांगता सांगताच तिला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं. पुंडलिकराव खाली पाहून हात पुसत राहिले. अनसूयाबाईंनी मात्र कप खाली ठेवला.

"पिशवी माझी होती," त्या म्हणाल्या. "नाव यांचं काहून?"

मग त्यांनीच सांगितलं. त्यांचं माहेर इथेच, दोन गल्ल्या सोडून होतं. राज्यं नव्याने वाटली गेली, नागपूर मध्य प्रदेशातून निघून पलीकडे, मुंबई राज्यात गेलं. भाऊ सरकारी नोकरीत होता, त्याला तिकडे जायला मिळालं आणि आईला घेऊन तो अमरावतीला गेला. "यांचा कारखाना दिल्लीच्या सरकारचा. यांना कोण हलवते? सगळे गेले, मी राहिली. मग काही झालं की मी पिशवी भरायची. स्टेशनच्या बसमध्ये गर्दी, म्हणून पिशवी हे सायकलच्या हँडलला अडकवून मागून आणायचे. लोकांना दिसायचे हेच."

"मग तुम्ही परत का यायचात?" विनताने विचारलं.

"हे स्टेशनवर निमूट तिकीट काढून द्यायचे. थांब म्हणून एकदाही म्हणाले नाही! मले असा राग यायचा, की भांडायले वापस यायची."

पुंडलिकरावांनी आता मान वर केली. "आईकडे जायचं म्हणत होती. कसा अडवू?"

"एकदा गेलीच मी," अनसूयाबाई म्हणाल्या. "इटारसीपर्यंत. तिथे गाडी बदलायची."

"तेव्हा तर तुझी पुढची गाडी निघून गेली होती."

"निघून नव्हती गेली. उभी होती. मीच नाही बसली."

पुंडलिकराव बायकोकडे पाहतच राहिले. हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. पंख्याचं पातं मांडीवर तसंच राहिलं. मग त्यांनी विचारलं, "मग दिवसभर तिथे खाल्लं काय?"

"भजे," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. पुंडलिकरावही हसायला लागले. हेमचंद्रने विनताला खुणेनेच सांगितलं, चल, निघू. दारापर्यंत येऊन अनसूयाबाईंनी तिचा हात धरला. "तिथे सांग सगळ्यांना. अनसूयाची पिशवी म्हणा म्हणावं."

विनताने खरोखरच सांगितलं. नळावर, दळणाच्या रांगेत, भेटेल त्याला. लोकांनी गोष्ट आवडीने ऐकली आणि पुढच्याच वाक्यात पुंडलिकची पिशवी म्हणाले.

बेबीताईंना मात्र इटारसीचा भाग पुन्हा पुन्हा ऐकायचा असे. "गाडी उभी होती म्हणे?" भाजी निवडता निवडता त्या विचारत. "न् ही बसलीच नाही?" एका दुपारी असंच विचारून झालं. मग मेथीची जुडी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "सांगलीची आठवण येते काय गं तुले?"

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. विनता आधी 'नाही' म्हणणार होती.

"येते," ती म्हणाली.

"मग सांग बरं, कसं आहे तिथे?" बेबीताई भिंतीला टेकून बसल्या. नदीपासून सुरुवात करावी की घरापासून, हे विनताला ठरवता येईना, म्हणून तिने बहिणीपासून केली.