पायपाटीवरची काळी माती

मित्रांनो, जुन्या घड्याळाचं किंवा फाटक्या छत्रीचं मनोगत तुम्ही वहीत कितीदा तरी लिहिलं असेल. त्यांची जागा भिंतीवर नाहीतर खुंटीवर. माझी जागा तुमच्या पायाखाली आहे. मी एक जुनी पायपाटी आहे. परभणीच्या एका महाविद्यालयात, माणूस कसा चालतो आणि कोणता पदार्थ किती ताण सोसतो याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या फरशीत मला बसवलं आहे. माझ्यावरून कोणी चालत गेलं, की त्याचा पाय किती जोराने पडला ते मी सांगते. मला माणसांचे चेहरे फारसे कळत नाहीत, पाय मात्र बरोबर कळतात.

माझा जन्म जिंतूर रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. बन्सीधर मिस्त्रींनी ॲल्युमिनियमची जाड पाटी कापली, कानशीने कडा घासल्या आणि खाली चार कोपऱ्यांत चार ठेंगणे खांब बसवले. प्रत्येक खांबाला कागदाहून पातळ अशी तारेची पट्टी चिकटवलेली आहे. पाय पडला की खांब दबतो. किती दबतो म्हणाल, तर तुमच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. पण तेवढ्यानेही ती तार दबते, तिच्यातून जाणारी वीज जराशी बदलते आणि संगणकाच्या पडद्यावर एक रेघ वर चढते. मिस्त्रींनी मला तपासायला आधी एका शेळीला माझ्यावर उभं केलं, मग स्वतःच्या बायकोला. दोघींची वजनं मी अचूक सांगितली. शेळीला त्याचं काही वाटलं नाही. बायको मात्र माझ्यावर रागावली ती रागावलीच.

पहिली काही वर्षं माझी चंगळ होती. खो-खोच्या मुली माझ्यावरून धावल्या, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी उड्या मारल्या. पाहुणे आले की आधी मला दाखवायचे. मग कामं थंडावली, आणि एक दिवस कोणीतरी माझ्यावर लोखंडी कपाट आणून ठेवलं. दोन वर्षं मी त्या कपाटाचं वजन मोजत बसले. शहाऐंशी किलो. एकदाही चुकले नाही, पण विचारायला कोणी आलं नाही.

ते कपाट हलवलं वैदेही मॅडम आणि शंतनु सर या दोघांनी. वैदेही मॅडमचं काम कागदावरचं. माणसाचं वजन, पावलाची लांबी, चालण्याचा वेग एवढं कळलं की पायावर किती भार येईल ते त्या गणिताने आधीच काढायच्या. शंतनु सरांचा गणितापेक्षा माझ्यावर विश्वास. "पाटी काय म्हणते ते बघू," असं ते म्हणाले की मी चार खांबांवर ताठ व्हायची. दोघांचं पटायचंही छान आणि वाजायचंही रोज.

तिसऱ्या होत्या केशरबाई. त्या प्रयोगशाळेची झाडलोट करायच्या. दर खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा असते, ती त्यांच्याच हातची. मला त्या ओल्या फडक्याने पुसायच्या, हळद-कुंकू वाहायच्या, झेंडूचा हार घालायच्या. एवढंच नव्हे, तर रोज सकाळी मला हात लावून तोच हात कपाळाला लावायच्या. मित्रांनो, पायाखालच्या वस्तूला एवढा मान कुठे मिळतो? मी सुखावून गेले होते. याच मानाने पुढे केवढा घोळ घातला, ते आता सांगते.

गेल्या दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी पेडगावची मनकर्णा आली. बरोबर तिचा नवरा आश्रुबा होता. मळणीयंत्रात तिचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. एका शिबिरात मिळालेला रबरी पाय तिने लावला होता.

"मॅडम, ह्यो पाय लय जड हाय," ती म्हणाली. "काळ्या मातीत रुतला की वर येईना. सून कापूस वेचायलीय अन् म्या बांधावर बसून बघायलेय. रान माझं हाय. मला उभ्यानं वेचायचंय."

"वेचाल ताई," वैदेही मॅडम म्हणाल्या. "हलका पाय करून देऊ."

त्या दोघांनी एक लवचीक पट्टी तयार केली होती. काचेच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून पदरावर पदर बसवायचे आणि तापवून घट्ट करायचे. ही पट्टी पायाच्या तळाशी बसते. पाऊल टेकलं की वाकते आणि उचलताना उसळी देते. पदर जास्त झाले तर पाय जड होतो, कमी झाले तर पट्टी तुटते. म्हणून मनकर्णाचा पाय नेमका किती जोराने पडतो हे कळायला हवं होतं.

ती फरशीवरून चालत आली आणि माझ्यावरून गेली. असं दहा वेळा झालं. मी सांगितलं, त्रेपन्न किलो.

"माझ्या गणिताने बासष्ट यायला हवेत," वैदेही मॅडम म्हणाल्या.

"गणिताला पाय असतात का?" शंतनु सर हसले. "खेड्यातून आलेल्या सगळ्याच बायकांचे आकडे कमी येतात. मी तर त्यावर लेखही लिहायला घेतलाय. मराठवाड्यातल्या कष्टकरी बायका अलगद पाऊल टाकतात."

मित्रांनो, मराठवाड्यातली बाई अलगद पाऊल टाकते असं ज्याला वाटतं, त्याने तिला डोक्यावर घागर घेऊन रागारागाने घरी येताना कधी पाहिलेलं नाही. पण मी बोलू शकत नाही. माझ्यावर जे पडतं तेवढंच मी सांगते. गणित हरलं, मी जिंकले, आणि माझ्या आकड्यावरून सात पदरांचा पाय तयार झाला. गणिताने नऊ सांगितले होते.

दिवाळीआधी मनकर्णा तो पाय लावून घरी गेली. जाताना इतकी हसत होती, की केशरबाईंनी तिची ओटी भरली. आठ दिवसांनी आश्रुबा एकटाच आला. त्याने पिशवीतून पाय काढून टेबलावर ठेवला. पट्टी मधोमध तडकली होती.

"सरीत तोंडावर पडली," तो म्हणाला. "ओठ फुटला. लागल्याचं तिला काई न्हाई. पर आता म्हणायलीय, मला पायच नको. मला बांधावर बसू द्या."

आकडा माझा होता.

शंतनु सरांनी तुटलेल्या पट्टीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिले. राळ चांगली होती, धागे चांगले होते. फक्त झेपेल त्याहून जास्त भार आला होता. मग त्यांनी माझ्यावर लोखंडी वजनं ठेवली. वीस ठेवली, मी वीस सांगितली. पन्नास ठेवली, मी पन्नास सांगितली. तरीही विभागप्रमुख व्यंकटराव सर म्हणाले, "पाटी जुनी झाली. वजनं बरोबर सांगते आणि माणसं चुकीची. भंगारात काढा." माझ्या कडेला लाल रंगाने फुली मारली गेली.

खरं सांगू? भंगाराचं मला एवढं वाईट वाटलं नाही. मी खोटं बोलले नव्हते, तरी माझ्यामुळे एक बाई तोंडावर पडली, हे मला सहन होत नव्हतं.

वैदेही मॅडम स्वतः पेडगावला गेल्या. मनकर्णा म्हणाली, "तुमी घरापर्यंत आलात म्हणून ही एकच खेप येते. पंधरा दिवसांनी दुसरी वेचणी हाय. त्याच्यात जमलं तर जमलं. न्हाईतर पुन्हा पायाचं नाव काढू नका." तिला पाय मिळणार की ती कायमची बांधावर बसणार, हे आता त्या पंधरा दिवसांवर होतं.

ती आश्रुबाबरोबर आली, तोच जड रबरी पाय लावून. पुन्हा चालली. माझा आकडा पुन्हा त्रेपन्न. शंतनु सरांनी कपाळाला हात लावला. वैदेही मॅडम कोपऱ्यात डोळे मिटून बसल्या होत्या. एकाएकी त्या म्हणाल्या, "ताई, परत चाला बरं." त्या ऐकत होत्या. फरशीवर पाऊल वाजलं धप, धप, धप. माझ्यावर आवाजच नाही. पुढे गेल्यावर पुन्हा धप.

"ताई, फरशीवर तुमचा पाय वाजतो. या पाटीवर का वाजत नाही?"

मनकर्णाने पदर सारखा केला. "कसा वाजंल मॅडम? हळद-कुकू वाहिलंय की तिला. केशरबाई रोज नमस्कार करती. लक्षुमीच म्हणायची ती. तिच्यावर धपाधपा पाय देऊ का? तुमी म्हणलात म्हणून ठिवला, न्हाईतर ठिवलाच नसता."

"मग आधी सांगितलं का नाही?" शंतनु सर म्हणाले.

"तुमी इचारलं कुठं?"

शंतनु सरांनी हळूच संगणकातला तो अलगद पावलांचा लेख बंद केला. तो पुन्हा उघडलेला मी पाहिला नाही.

केशरबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातला झाडू खाली पडला. "म्हणजे माझ्यामुळं पडली का वं ही?"

"नाही मावशी," वैदेही मॅडम म्हणाल्या. "विचारायचं काम आमचं होतं."

केशरबाईंनी माझ्यावरचे हळद-कुंकवाचे डाग पुसून काढले. पण मनकर्णाचं पाऊल काही केल्या पडेना. ती माझ्याजवळ आली की पाय आपसूक हलका व्हायचा. तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

"पुसलं म्हणून का लक्षुमी जाती?" ती म्हणाली. "रान बी लक्षुमीच हाय, पर रानात पाय दिल्याबिगर वेचावं कसं? तिथं इचारच येत न्हाई."

वैदेही मॅडम लगेच आश्रुबाकडे वळून म्हणाल्या, "दादा, तुमच्या रानातली माती आणाल?"

दुसऱ्याच दिवशी आश्रुबा दोन पोती काळी माती घेऊन आला. शंतनु सर आधी घाबरले, कारण माती माझ्या खांबांत गेली असती. मग त्यांनीच माझ्यावर प्लास्टिक ताणून बांधलं, माझ्यावर आणि भोवतालच्या फरशीवर तीन बोटं माती पसरली आणि माझ्या चारही कडांना बारीक फट ठेवली, म्हणजे शेजारचा भार माझ्यावर येऊ नये. मातीचं वजन शून्य धरलं. केशरबाईंनी वरून पाणी शिंपडलं. प्रयोगशाळेत रानाचा वास सुटला.

मनकर्णाने वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि लुगडं खोचलं. मग थांबली. "रिकामी कामून चालू? वेचताना ओटीत कापूस असतो की."

तिच्या ओटीत कापसाच्या वजनाइतकी वाळूची पिशवी बांधली. ती चालली. आणि मित्रांनो, माझ्यावर असा पाय पडला, असा पडला, की त्या क्षणी मला माझ्या जन्माचं सार्थक वाटलं! रेघ थेट वर गेली. अठ्ठ्याहत्तर किलो.

"बासष्ट नाही आणि त्रेपन्नही नाही," शंतनु सर पुटपुटले.

"ओटीतला कापूस मी गणितात धरलाच नव्हता," वैदेही मॅडम म्हणाल्या आणि मनकर्णापुढे त्यांनी खरोखर हात जोडले.

अकरा पदर ठरले. शेजारच्या दाबयंत्राने ती पट्टी दोन लाख वेळा वाकवली. तेही दिवसरात्र कुरकुरत होतं, पण पट्टी टिकली. दुसऱ्या वेचणीच्या आदल्या दिवशी आश्रुबा पाय घेऊन गेला. त्यानंतर काही कळेना. आठ दिवस गेले, पंधरा गेले, महिना गेला. मी फरशीत पडल्या पडल्या दाराकडे कान लावून होते. एस. टी.तून उतरून कोण आलं, कोण गेलं, सगळी पावलं ऐकत होते.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात व्हरांड्यात आवाज आला. धप, धप. एक पाऊल मऊ, एक जरा टणक, पण दोन्ही सारखी भरलेली. मी ओळखलं. मनकर्णा दारात उभी होती, एकटी. आश्रुबा नव्हता, काठी नव्हती. नव्या पायाच्या बोटांना काळी माती लागलेली होती.

"दोन वेचण्या झाल्या मॅडम," ती म्हणाली. "सून म्हणायलीय, आत्याबाई, जरा दमानं. मीच मागं पडायलेय, म्हणती."

केशरबाई पदराने डोळे पुसत तिळगूळ आणायला धावल्या. व्यंकटराव सरांनी लाल फुली पुसून टाकायला सांगितली, पण रंग पक्का निघाला. ती अजून आहे. असू दे.

या वर्षीही खंडेनवमीला केशरबाईंनी मला हळद-कुंकू वाहिलं. पण पूजा झाल्यावर त्यांनी हार उचलून बाजूला ठेवला, चपला काढल्या आणि माझ्यावर पहिला पाय स्वतःच आपटला. एकोणसाठ किलो. पडद्यावरचा आकडा बघून त्या लाजल्या.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही काचेच्या कपाटात जपून ठेवलेली यंत्रं असतील. त्यांना हार जरूर घाला, पण नंतर कपाट उघडा आणि त्यांना कामाला लावा. आणि कधी परभणीला आलात तर मलाही भेटायला या. मला नमस्कार केलात तर आवडेलच. मग मात्र मनकर्णाने संक्रांतीआधीच्या त्या दिवशी केलं तसं करा. ती जायला निघाली, वाटेत माझ्यापाशी थांबली. या खेपेला माझ्यावर माती नव्हती. तिने वाकून मला हात लावला, म्हणाली, "येते गं माय," आणि आपला उजवा पाय माझ्यावर भार देऊन पूर्ण टेकवला.