उन्हात राहिलेले टायर

"अहो, ब्रेक!" योशिनो किंचाळली.

"दाबलाय गं!"

गाडी थांबेना. उत्तर जपानमधल्या असाहिकावाच्या त्या उतारावर बर्फाची काच झाली होती आणि खाली, सिग्नलपाशी, एक म्हातारी काठी टेकत रस्ता ओलांडत होती. गाडी तिरकी घसरत गेली, कडेच्या बर्फाच्या ढिगात घुसली आणि थांबली. म्हातारी पलीकडे पोचली होती.

तेत्सुरोने आयुष्यभर बस चालवली होती. पण आता त्याचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

"बर्फावर पकड घेणारे टायर सकाळीच चढवलेत ना?" योशिनोने विचारलं.

घरी आल्यावर त्याने टायरवर नख रोवून पाहिलं. रबर दगडासारखं, कडेला बारीक भेगा; असं रबर बर्फ धरत नाही.

"सकाळी मागच्या भिंतीशी उभे होते हे. उन्हाळाभर तिथेच तापले. कुठल्या गाढवाने ठेवले?"

योशिनोने त्याच्याकडे पाहिलं. एप्रिलमध्ये त्यानेच ठेवले होते. टायर धुऊन, सावलीत वाळवून, अंधाऱ्या शेडमध्ये आडवे रचून झाकल्याशिवाय ज्याला जेवण गोड लागत नसे, तो "उद्या नेतो" म्हणाला होता. त्यानंतर ती त्या भिंतीकडे बघायचं टाळत आली होती.

"मी ठेवले," ती म्हणाली.

"अक्कल गहाण टाकली होतीस? माणूस मेला असता!"

तडतडत तो भिंतीशी गेला. टायरांवरून सरकवून काढलेला दोर तिथेच पडला होता, गाठीसकट. त्याने तो उचलला. गाठ बोटांनी चाचपली. बराच वेळ चाचपत राहिला.

"ही गाठ तुला येत नाही," तो हळूच म्हणाला.

योशिनो त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"मला आठवतच नाही गं. काहीच नाही." त्याने खिशातून गाडीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "भीती वाटतेय."

"मलाही," ती म्हणाली.

सकाळी काढलेले उन्हाळी टायर अंगणात चिखलानिशी पडले होते. योशिनोने कोमट पाण्याची बादली आणली.

"शिकवा मला. आत्ताच."

"खाचांतले खडे काढ आधी. हं. पुसून कोरडे कर. उभे नाही, आडवे. आणि हवा…"

तो अडला. ओठ हलले, शब्द येईना.

योशिनोने ओलं फडकं हातात धरलं आणि ती थांबून राहिली. तिला घाई नव्हती.