चंद्रीला न मारलेली हाक

कार्तिकातली सकाळ. सह्याद्रीच्या सड्यावर तिरपे, मंद-पीत ऊन; वाळल्या गवताच्या प्रत्येक काडीला तिच्याहून लांब सावली. दरीत धुके, सायीसारखे, न हलणारे. वारा नाही. अशा निश्चल, स्फटिकस्वच्छ हवेत आवाज फार दूर जातो.

ठकूबाईचा आवाजही तसाच दूर गेला होता.

तिची म्हैस चंद्री काल सांजेला निसरड्या गवतावरून घसरली आणि दोन माणसांच्या उंचीइतकी खाली, कड्याच्या अरुंद टप्प्यावर जाऊन अडली. मेघश्यामल चंद्री, कपाळी शुभ्र टिकली ल्यालेली चंद्री. सकाळी ठकूबाईने काठावरून रोजच्यासारखी हाक मारली. चंद्रीने मान वर केली, पुढचे पाय उभ्या खडकाला लावले, आणि घसरली. पुन्हा हाक, पुन्हा पाय. तिसऱ्या वेळी टप्प्याचा एक तुकडा सुटून धुक्यात गेला. तो तळाला पोचल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

"वैनी, आता गप," तिचा दीर धाकू म्हणाला. "तुझा आवाज आला की ती वरच बघतीया. आन् वर वाट न्हाई." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून जरा हलकेच, "मी मगाधरनं बोंबलतोय, तर शेपूटसुदीक हलवली न्हाई माझ्यासाठी. तुझ्यावानीच मानी हाय."

टप्प्याच्या एका अंगाने खाली गवताची उतरण होती, म्हशीला उतरता येईल अशी. चंद्री उतरली असती. पण एकाच आवाजाला, आणि तो आवाज खालून यायला हवा होता. तळाची वाट मात्र दोन डोंगरसोंडा ओलांडून, पलीकडच्या खिंडीतून. दिवस मावळेपर्यंतची वाट.

ठकूबाई निघाली. पिवळ्या गवतातून, काळ्या कातळावरून, पाण्याच्या आटत्या रेषांवरून निघाली.

मागे चंद्री रेकली.

धारेची वेळ टळून गेली होती. कास तटतटून दगड झाली असेल. सात वर्षांत चंद्री रेकली आणि ठकूबाईने ओ दिली नाही, असे घडले नव्हते. आता ओ दिली, तर ते पाय पुन्हा खडकाला लागतील. तिने पदराचा बोळा दातांत धरला. आणि चालली.

चंद्री रेकत राहिली. दोन रेकण्यांत आधी दहा पावले मावली, मग तीस, मग शंभर. पहिल्या सोंडेच्या वळणावर काहीच ऐकू येईना.

ती थांबली. डोंगर आड आला म्हणून ऐकू येत नव्हते, की रेकणारीच उरली नव्हती म्हणून? शांतता दोन्हींची सारखीच असते. मागे फिरून पाहावे, तर खाली पोचायला उजेड पुरणार नव्हता. पुढे जावे, तर कुणासाठी, ते ठाऊक नव्हते.

ती पुढे गेली.

दुसरी सोंड ओलांडली तेव्हा ऊन माथ्यावर आले होते. समोर दुसरीच दरी, सुवर्णतृणांनी भरलेली, निःशब्द. इथून कुठलाच आवाज चंद्रीपर्यंत पोचणार नव्हता. दातांतला पदर कधी गळाला, तिला कळले नाही. सकाळपासून कंठात कोंडलेली हाक तिला न विचारता सुटली.

"चंद्रेऽऽ, ये गं बायऽऽ."

खाली उतारावर कुणा परक्याच्या म्हशी चरत होत्या. त्यांनी माना वर केल्या. क्षणभर पाहिले. आणि मग एकेक करून, सावकाश, पुन्हा गवतात तोंडे घातली.