फाटकाची कडी

धाकटीचं काम ऐकून लोक आधी हसायचेच. ती माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवायची आणि घरातल्या आवाजांची नक्कल तोंडाने करायला लावायची. कुकरची शिट्टी, मिक्सर, गळका नळ. प्रत्येक नकलेपाठोपाठ त्याच घरातला खरा आवाज आलाच पाहिजे, हा तिचा हट्ट. त्यासाठी ती जिवाचं रान करायची.

ताईच्या वेळी मात्र कुणाला हसू आलं नसतं. ती खुर्चीत बसली, डोळे मिटले आणि फाटकाच्या कडीचा आवाज काढला, "कर्रर्र... खट्." मग बूट. मग कमरेचा पट्टा ओढून काढल्याचा "सर्रर्र". इतकी वर्षं ताई 'पडले, आपटले' म्हणायची आणि धाकटीने ते मुकाट्याने मानलं होतं.

"ह्यांना कळलं तर माझी धडगत नाही," ताई म्हणाली. "तोंड दाखवू नकोस. पण ठेव ते. कुणीतरी ऐकू दे."

धाकटीने नुसते ओठ ठेवले. आवाज असा बदलला की सख्ख्या आईनेही ओळखला नसता. पट्ट्यानंतर पडदा काळा ठेवला. आणि कडीचा खरा आवाज ताईकडून फोनवर मागवून जोडला. कलाकाराचं डोकं! सगळं झाकलं आणि घराचा पत्ता तेवढा उघडा ठेवला.

प्रदर्शनाला भाऊजींना बोलावलं नव्हतं. तरी ते ताईबरोबर आले. "मेहुणीचं कौतुक आम्ही बघायचं नाही की काय?" कुकरला ते खो खो हसले. पडद्यावरच्या ओठांनी कडीचा आवाज काढला, तेव्हाही हसले. मग खरी कडी करकरली. ती त्यांनीच बसवलेली, वाकडी, रोज संध्याकाळी त्यांच्याच हाताने उघडणारी. त्यांचं हसणं थांबलं. पट्टा वाजला, अंधार झाला आणि मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

धाकटीला चूक उमगेपर्यंत भाऊजी उठले होते.

"छान जमलंय तुला," ते ताईला म्हणाले, अगदी मऊ आवाजात. "चल घरी."

धाकटीने ताईचा हात घट्ट धरला. "ती माझ्याकडे राहणार आहे, भाऊजी."

भाऊजी दाराशी जाऊन उभे राहिले.

"सोड गं," ताई पुटपुटली. "उशीर केला की जास्त होतं."