विटकरी कुंकू

"हे कुंकू हाय का वीट?" छापलेली पत्रिका हातात धरून गिऱ्हाईक कारभारी काउंटरवर ओणवे झाले आणि वृषालीच्या कानाशी पुटपुटले. "पोरीचं लगीन हाय वहिनी, घराचं बांधकाम न्हाई."

पारनेरच्या त्या दुकानात लग्नपत्रिका छापायचं काम वृषालीचं. कॉम्प्युटर मात्र चालायचा तिच्या नवऱ्याच्या, गहिनीनाथच्या मतानं. कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो, आणि कंपनीचा ड्रायव्हर त्याला चालत नसे. त्याच्या आत काय लिहिलंय ते कंपनी दाखवत नाही ना. "जे उघडून बघता येत न्हाई, ते आपल्या दुकानात नको," हे त्याचं तत्त्व. लोकांनी मिळून केलेला, कुणालाही उघडून बघता येणारा ड्रायव्हर त्यानं घातला होता. त्यावर सगळं नीट छापायचं, फक्त लाल तेवढा विटकरी यायचा. गिऱ्हाइकं हळूहळू नगरला वळली. वृषालीनं तेही सोसलं. तत्त्वाचा माणूस म्हणूनच तर तिनं त्याला पसंत केलं होतं. आता तक्रार कोणत्या तोंडानं करणार?

कारभाऱ्यांनी खिशातून शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका काढली. "हे बघा. राजनंदिनी मॅडमनी शाळेतच छापली."

वरचं कुंकू लालभडक. शाळेतला प्रिंटरही अगदी दुकानातल्यासारखाच. गहिनीनाथनंच निवडून दिलेला. बसवायला गेला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता, आणि इस्त्री वृषालीनंच केली होती.

मॅडमच्या स्कूटीचा, लांब वेणीचा वृषालीला कधी हेवा वाटला नव्हता. टिकलीएवढ्या त्या लाल रंगाचा मात्र वाटला.

तेवढ्यात गहिनीनाथ चहा घेऊन आत आला. तिनं पत्रिका त्याच्यापुढं सरकवली.

"अहो, मॅडमच्या प्रिंटरला कुठला ड्रायव्हर घातला?"

"कंपनीचा," तो म्हणाला. "शाळेचं काम अडलं हुतं."

"माझं न्हाई अडलं?"

कारभारी "येतो मी" म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.

"मॅडमना ह्यातलं काय कळत न्हाई. त्यांना कुठं समजावत बसायचं?"

"मला तरी कुठं कळतंय? मला बरं समजावत बसता, लग्न झाल्यापासनं."

गहिनीनाथनं पत्रिकेवरच्या कुंकवावर अंगठा घासून बघितला. रंग पक्का होता.

"त्यांना न्हाई म्हणणं जिवावर आलं," तो खाली बघत म्हणाला. "तुला म्हणता येतं. तू काय, कुठं जाणार हायेस."